दहातला एक दाणा

त्या माळावर बोलता सगळ्यांनाच येत असे, पण न्यायाच्या वेळी ऐकून घेतली जाई ती फक्त कातळबोली. तळ्याकाठच्या सपाट खडकावर तीन म्हातारी कासवे बसत. माळावरचा प्रत्येक तंटा त्यांच्यापुढे येई, आणि त्यांना दुसरी कोणतीच बोली कळत नसे. निदान कळत नाही असे ती सांगत. ज्याला ती बोली येत नव्हती त्याला आपल्या वतीने बोलणारा कोणी शोधावा लागे. अशा बोलणाऱ्याला कैवारी म्हणत.

कातळबोली उत्तरेच्या कड्यावर शिकवली जाई. शिकवणारे डोमकावळे होते. शिक्षण तीन पावसाळ्यांचे. तेवढा काळ शिकणाऱ्याला दाणे वेचायला सवड मिळत नसे, आणि कड्यावर दाणा उगवतही नसे. शिवाय डोमकावळे शिकवण्याचे दाणे घेत ते वेगळेच. हे सगळे दाणे मुंग्यांच्या कोठारातून उसने मिळत. कोठार माळाच्या पोटात होते. ते किती खोल आहे हे बाहेरच्या कोणी पाहिलेले नव्हते.

चंडोलांच्या कुळात अशी रीत होती की ज्या गवताच्या बुंध्याशी अंडे फुटले त्या गवताचे नाव पिल्लाला द्यायचे. पवनीचे अंडे पवन्या गवतात फुटले होते. ती उडायला शिकली त्याच वर्षी रानडुकरांनी त्या गवतावर हक्क सांगितला. तिचा बाप कासवांपुढे गेला. कैवाऱ्याला द्यायला त्याच्याकडे काही नव्हते, म्हणून तो आपल्याच बोलीत बोलला; म्हणजे चंडोल बोलतात तसा, वर चढत चढत, गात. सकाळभर तो गात राहिला. कासवांनी डोळे मिटून घेतले. दुपारी गवत डुकरांचे झाले आणि चंडोलांची कुटुंबे दक्षिणेकडे निघून गेली. पवनी गेली नाही. ती कड्यावर गेली.

तिथे ती तीन पावसाळे राहिली. कातळबोली जमिनीवर पाय रोवून, मान न हलवता, एका सुरात बोलायची असते. पवनीला आधी ते जमेना, वाक्याच्या शेवटी तिचे पंख आपोआप उघडत. डोमकावळ्यांनी तिची ती खोड मोडून काढली. खाली उतरली तेव्हा तिची बोली कड्यासारखी सपाट झाली होती आणि तिच्या नावावर कोठाराचे सहाशे दाणे होते.

तिच्या आधीच्या कैवाऱ्यांना हे दाणे दहा वर्षांत सारख्या हप्त्यांनी परत करावे लागत. जो हप्ता चुके त्याचे एक पीस मुंग्या उपटून नेत. कड्याच्या पायथ्याशी असे कितीतरी कैवारी पायी चालताना दिसत. बाकीचे कैवारी पिसे शाबूत ठेवण्यासाठी डुकरांची आणि मगरींची बाजू मांडत, कारण दाणे तिथेच होते. पवनी उतरली त्या वर्षी मात्र कोठाराने नियम बदलला. एका मुंगीने तो तिला एका दमात सांगितला. वर्षभरात जेवढे वेचाल त्यातून पोटापुरते एकशेऐंशी दाणे आधी बाजूला ठेवायचे. उरतील त्यातला दहातला एक कोठाराला द्यायचा. काहीच उरले नाही तर काहीच द्यायचे नाही. पीस कोणी उपटणार नाही. पंचवीस पावसाळे असे दिले की बाकी असेल ती सोडून दिली जाईल.

पवनीने तो नियम पुन्हा एकदा सांगायला लावला. तिला वाटले, आपला बाप खडकावर गात होता तेव्हा हा नियम असता तर कोणी ना कोणी त्याच्या शेजारी उभे राहिले असते. त्याच आठवड्यात तिने माळाच्या मधोमध, जिथून सगळीकडे जाता येईल अशा जागी, घरटे केले आणि ज्यांना कोणी नाही त्यांची गाऱ्हाणी घ्यायला सुरुवात केली. ससे आले, सरडे आले, बीळ गमावलेले उंदीर आले. कोणी पाच दाणे देई, कोणी पुढच्या हंगामात देतो म्हणे. वर्षाअखेर मोजले तेव्हा अडीचशे भरले.

मोजणीची मुंगी आली ती ऊन कलताना. तिने दाणे मोजले, घरट्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "घरट्यात दुसरं कोणी?"

"नाही," पवनी म्हणाली.

मुंगीने सात दाणे वेगळे काढले, मागून आलेल्या रांगेकडे ते सोपवले आणि ती गेली. सगळे इतके सभ्यपणे झाले की पवनीला त्या मुंगीला थांबवून घ्यावेसे वाटले. त्या दिवसात तिच्याशी दुसरे कोणी बोलले नव्हते.

पुढच्या वर्षी वेगळी मुंगी आली. तिने सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले. हे मागच्या वर्षीच सांगितले आहे असे पवनीने म्हटल्यावर ती म्हणाली की त्या बाई आता नाहीत, आणि त्यांचे मोजलेले आपल्याकडे आलेले नाही. मग तिने बाकी सांगितली. ती सहाशे सतरा होती.

"मी तर सात दिले होते," पवनी म्हणाली.

"दिलेले पोचले. पण बाकीचे तुमच्याकडेच राहिले ना, कैवारीबाई. कोठाराच्या मूळ दाण्याला फुटवा येतो. वर्षाला पंचविसाला एक."

"म्हणजे मी देत राहिले तरी ते वाढतच जाणार?"

मुंगीने क्षणभर हिशेब केला. "तुमची वेचणी एवढीच राहिली तर, हो," ती म्हणाली. "पण तुम्ही कशाला काळजी करता? शेवटी सोडूनच देणार आहेत."

पवनीने काळजी करायची नाही असे ठरवले. ते बऱ्याच अंशी जमलेही. दिवस तंट्यांत जात. जिंकलेले ससे आनंदाने आपापल्या बिळात जात, हरलेले गप्प राहून जात, आणि दोघेही गेल्यावर माळावर वाऱ्याखेरीज काही नसे. दक्षिणेहून कधी चंडोल आले तर तिच्याशी बोलताना ते अवघडत. तिचे बोलणे त्यांना परके वाटे. त्यांच्यासारखे वर चढत बोलायचा तिने एकदोनदा प्रयत्न केला, पण अर्ध्या वाटेतच शब्द सपाट झाले आणि ती खाली उतरली.

पाचव्या वर्षी मारवेल आला. तोही चंडोलच होता, ओढ्याच्या पलीकडे राहणारा. कैवाराशी त्याचा काही संबंध नव्हता. तो वेचणारा होता, आणि असा वेचणारा की वर्षाला पाचशे दाणे सहज जमवी. ते पाचशे तिघांना लागत, कारण घरी आंधळी आई होती आणि पंख मोडलेला भाऊ होता. पवनीला त्याने पहिल्यांदा पाहिले ते खडकावर बोलताना. तिच्या बोलण्यातले त्याला काहीच कळले नाही. पण ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी पंख किंचित आवळून धरते हे त्याने पाहिले, आणि का आवळते हे त्याला न सांगता समजले.

तो रोज येऊ लागला. तिच्या शेजारी बसून तो दिवसभराचे सांगे: कुठे बर्गू पिकला, आईने आज कोणता आवाज ओळखला. पवनी ऐकत राही. ती इतके ऐकू शकते हे तिलाच नवीन होते. हंगाम पालटायच्या सुमाराला एक दिवस तो चोचीत लांब, मऊ काडी घेऊन आला आणि त्याने ती तिच्यापुढे ठेवली. चंडोलांमध्ये याचा अर्थ एकच होतो.

पवनीने त्या काडीला स्पर्श केला नाही. नियमातली जी ओळ तिच्यावर आजवर कोणाला सांगायची वेळ आली नव्हती ती तिने त्याला सांगितली. एका घरट्यात दोघे राहत असतील तर दोघांची वेचणी एक धरली जाते. दोघांचे मिळून साडेसातशे होतील. दुसऱ्या पोटाला कोठार साठच दाणे धरते, म्हणून दोघांच्या पोटाचे दोनशे चाळीस सोडले तर पाचशे दहा उरतील. सातच्या जागी एकावन्न द्यावे लागतील.

"मग देऊ," मारवेल म्हणाला. "त्यात तुझं माझं काय?"

"तुझ्या दाण्यांवर तिघं जगतात. मुंगी तुझ्या आईला मोजत नाही. भावालाही नाही. ते वेगळ्या घरट्यात आहेत."

मारवेलने काडीकडे पाहिले. मग त्याने विचारले, "किती पावसाळे झाले?"

"पाच."

"म्हणजे वीस राहिले." ओढा किती लांब आहे हे सांगावे तसे तो म्हणाला. "मी थांबतो."

त्याने काडी उचलून नेली. त्या दिवसापासून तो ओढ्यापलीकडच्या एका दगडावर येऊन बसे, पवनी अलीकडच्या काठावर बसे, आणि सकाळच्या वेळी पाण्यावरून दोघांचे बोलणे होई. मग तो वेचायला जाई, ती खडकावर जाई. अंडी कधी झाली नाहीत.

दहाव्या वर्षी ओघळीतल्या गोगलगायी पवनीकडे आल्या. आल्या म्हणजे त्यांच्यातली सर्वांत वडील, शेवाळी नावाची, चार दिवस चालून आली. दोन टेकाडांच्या मधल्या ओघळीत वर्षभर ओल टिकत असे आणि गोगलगायींची सारी वस्ती तिथे होती. आता रानडुकरांना लोळायला ती जागा हवी होती. त्यांचा कैवारी चाष होता. चाष पवनीबरोबर कड्यावर शिकला होता. त्याचे निळे पंख तेव्हाही सुंदर होते, आता त्यांना तेज चढले होते. त्याने कोठाराचे सगळे दाणे सहा वर्षांत फेडून टाकले होते.

तंटा दोन वर्षे चालला. कासवे एक प्रश्न विचारून मान आत घेत, आणि मान बाहेर येईपर्यंत पुढची पौर्णिमा दिलेली असे. प्रत्येक वेळी शेवाळी चार दिवस चालत येई आणि चार दिवस चालत परत जाई. शेवटच्या पौर्णिमेच्या आदल्या सकाळी चाष पवनीच्या घरट्यापाशी उतरला. तो वाईट नव्हता. त्याने आधी तिची चौकशी केली, घरट्याकडे पाहिले, मग म्हणाला की डुकरांना अजून एक कैवारी हवा आहे.

"तुझी बाकी आता किती झाली?" त्याने विचारले.

"आठशेच्या वर."

"डुकरांचं काम घेतलंस तर ती दोन हंगामांत फिटेल. उद्या तू आजारी आहेस असं कळव. बस्स, एवढंच. परवापासून तू मोकळी व्हायला लागशील." मग तो म्हणाला, "ओढ्यावर तू कोणाशी बोलतेस ते मला माहीत आहे, पवनी. सगळ्यांना माहीत आहे."

पवनीने एक दिवसाची मुदत मागितली. चाष गेल्यावर ती ओढ्यावर गेली नाही. मारवेलला विचारले असते तर तुला हवे ते कर असे तो म्हणाला असता, आणि मग जे काही झाले असते ते दोघांचे झाले असते. तेवढे ओझे त्याच्यावर टाकायची तिची तयारी नव्हती. दिवसभर ती घरट्यात बसून राहिली. दोन हंगाम. तिने ते शब्द मनात पुष्कळदा उच्चारून पाहिले. संध्याकाळी गवतातून खरखर ऐकू आली. शेवाळी पोचली होती. चार दिवसांच्या वाटेवर तिचे अंग सोलवटले होते आणि तिला बोलायचेही त्राण नव्हते. ती घरट्याच्या बाहेर सावलीत थांबली, शिंगे आत घेतली आणि झोपली. पवनी काय म्हणणार आहे याविषयी तिला काडीची शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी खडकावर चाष प्रथम बोलला. तो म्हणाला, "गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन हिंडते. जिचं घर तिच्या पाठीवर आहे तिला ओघळ हवी कशाला? डुकरांना मात्र पाठीवर घर नाही." कासवांपैकी एकाने मान डोलावली. बोलणे खरोखर चांगले होते.

पवनीने पाय रोवले. "घर पाठीवर नेता येतं," ती म्हणाली. "ओल नेता येत नाही."

तिन्ही कासवांनी डोळे उघडले. मग तिने दोन वर्षांत जमवलेले सगळे मांडले: कोणत्या दगडाखाली किती पिढ्यांची अंडी, ओल कोणत्या महिन्यात कुठवर सरकते, डुकरे एकदा लोळली की ती कुठे नाहीशी होते. सूर्य डोक्यावर आला तेव्हा ओघळ गोगलगायींची झाली.

शेवाळीच्या कवचाला वाटेत चिकटलेले दोन दाणे होते, ते तिने दगडावर घासून पवनीपुढे पाडले आणि परतीच्या चार दिवसांना सुरुवात केली. पवनी ओढ्यावर गेली. वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि पाणी गर्जत होते. तिने मारवेलला ओरडून सांगितले. त्याने मान तिरकी करून ऐकायचा प्रयत्न केला. त्याला एवढेच कळले की काहीतरी चांगले झाले आहे, आणि तो पलीकडे पंख पसरून नाचला. चाष येऊन गेल्याचे पवनीने त्याला त्या दिवशी सांगितले नाही, आणि पुढेही कधी नाही.

मुंग्या येत राहिल्या. दर वर्षी नवी, दर वर्षी तेच प्रश्न. पंधराव्या वर्षीची मुंगी जास्त चौकस होती. ती सकाळीच आली, पवनी घरट्यात नाही म्हणून माग काढत ओढ्यापर्यंत गेली, आणि दोघे पाण्यावरून बोलत असताना तिने त्यांना गाठले. तिने पवनीला विचारले, "त्या दगडावर बसलेले ते तुमचे कोण?"

त्या दिवशी पाणी शांत होते. अलीकडचे बोललेले पलीकडे स्पष्ट ऐकू जात होते.

"शेजारी," पवनी म्हणाली.

मुंगीने ते ध्यानात घेतले आणि दाणे मोजायला ती घरट्याकडे वळली. पवनी तिच्या मागोमाग गेली, कारण जावे लागते. मागे वळून पाहायचा तिला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती ओढ्यावर पोचली तेव्हा दगड रिकामा होता. त्याच्या पुढच्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मारवेल येऊन बसला, आणि आईला बरे नव्हते असे म्हणाला. मग त्याने नेहमीप्रमाणे दिवसभराचे सांगायला घेतले. बोलणे संपवून उठताना तो म्हणाला, "खोटं नव्हतं ते."

कासवांपुढे तिला कधी शब्द कमी पडले नव्हते.

बाविसाव्या वर्षी त्याची आई गेली. तेविसाव्यात भाऊ गेला. आता त्याच्या दाण्यांवर तो एकटाच जगत होता, आणि दोघांची वेचणी एक धरली असती तरी कोणी उपाशी राहिले नसते. पण पंचविसाला दोनच राहिले होते, आणि तोवर दोघांनाही थांबायचीच सवय झाली होती. पवनीच्या गळ्याखालची पिसे पांढुरकी झाली. खडकावर आता तिच्या मांडणीची उदाहरणे देत. कड्यावर शिकणाऱ्या पिलांना डोमकावळे तिचे ते ओलीचे वाक्य पाठ करायला लावत.

पंचविसाव्या वर्षीची मुंगी फार लहान होती; तिचे पाय अजून पुरते काळे झाले नव्हते. तिने दाणे मोजले, सात काढले, रांगेकडे दिले. मग ठरावीक सुरात सांगितले की बाकी एक हजार पंचवीस आहे, पंचवीस पावसाळे पूर्ण झाले आहेत, सबब बाकी सोडून देण्यात येत आहे. पवनी ऐकत होती. आपल्याला काहीतरी वाटेल असे तिला वाटत होते.

मुंगी जायला निघाली.

"घरट्यात दुसरं कोणी आहे का ते तुम्ही विचारलं नाही," पवनी म्हणाली.

मुंगी थांबली. चुकले का काय म्हणून तिने आठवून पाहिले. "ते आता विचारायचं नसतं," ती म्हणाली.

पवनी ओढ्यावर गेली, काठावर थांबली नाही, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पाणी ओलांडून पलीकडे उतरली. मारवेल दगडावर होता. तिने झाले ते सांगितले. तो दगडामागे वळला. दगडामागच्या सांदीत त्याने कितीतरी काड्या रचून ठेवल्या होत्या, दर हंगामाची एक. जुन्यांचा चोच लावताच भुगा झाला. ज्या चांगल्या होत्या त्या दोघांनी चोचीत धरल्या आणि माळाच्या मध्यावर, तिच्या जुन्या घरट्यापासून थोडे बाजूला, उंच गवताच्या आडोशाला जागा पाहिली.

चंडोलांचे घरटे डोळ्यांनी होत नाही, छातीने होते. काड्या वर्तुळात ठेवायच्या, मधे बसायचे आणि छाती दाबत गोल गोल फिरायचे. अंगाच्या दाबाने वाटी आपोआप तयार होते. पवनी मधे बसली आणि फिरू लागली. मारवेल बाहेरून काड्या देत राहिला. वाटी झाली. पवनी उठून बाजूला झाली आणि तो आत शिरला. मग ती त्याच्या शेजारी बसायला गेली, तेव्हा जागा नव्हती.

तिने वाटी उसकटली आणि पुन्हा केली. या वेळी ती मुद्दाम पंख सैल सोडून फिरली, मोठी गिरकी घेतली. शेवटी शेवटी अंगाला जी गोलाई माहीत होती तीच उमटली. तिसऱ्यांदाही तसेच झाले. ऊन उतरले. काड्या मोडायला लागल्या होत्या, चौथ्यांदा टिकल्या नसत्या.

"राहू दे," मारवेल म्हणाला. "मी वाऱ्याकडून बसतो."

तो काठाला टेकून बाहेर बसला. पवनी आत बसली. वारा सुटला तेव्हा तिने एक पंख वाटीच्या काठावरून बाहेर काढला आणि त्याच्या पाठीवर पसरला. वाटीतले तिचे अंग हळूहळू ऊबदार झाले. बाहेरचा पंख गार पडत गेला, पण तिने तो आत घेतला नाही.